विचारल्याशिवाय वर काढलेले विमान

मी एक जुने समुद्री विमान आहे. खरे सांगायचे तर आता अर्धेच आहे. माझे नाक, चालकाची खोली आणि पोटाचा पुढचा भाग वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून आहेत, एक पंख पाण्याच्या टाकीत आहे. शेपूट आणि दुसरा पंख अजून समुद्राच्या तळाशी आहेत. मित्रांनो, मला बघायला येणारे लोक हळहळतात आणि म्हणतात, "समुद्रानं काय हाल केलेत याचे." ते ऐकले की मला वाईट वाटते आणि रागही येतो. समुद्राने माझे हाल केले नाहीत. त्याने मला जितके दिवस सांभाळले, तितके दिवस कोणत्याही माणसाने सांभाळले नाही. माझी ही दशा कशी झाली, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म युद्धाच्या दिवसांत नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. पुरुष आघाडीवर गेले होते, म्हणून माझे पत्रे जोडायला बायका होत्या. पत्र्याला पत्रा जोडायचा तर दोघी लागत. एक बाहेरून यंत्राने रिव्हेट ठोके आणि दुसरी आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरी. शेपटीच्या आत मोठे माणूस मावत नसे. तिथे लहान चणीची एक कामगार बाई सरपटत जाई. ती बाहेर आली की हातांना इतक्या मुंग्या आलेल्या असत की तिला पेला धरता येत नसे. मग बाहेरची मैत्रीणच तिला पाणी पाजी आणि म्हणे, "उद्या मी आत जाते, तू बाहेर थांब." ती म्हणे, "तू अडकशील गं. मग तुझ्यासकट उडवावं लागेल त्याला." दोघी हसत आणि पुन्हा कामाला लागत. अशा हसण्या-खिदळण्यात मी तयार झाले.

मला चाके नव्हती. माझे पोट होडीसारखे होते. मी पाण्यावरून धावत वर उडे आणि पाण्यावरच उतरे. म्हणून तळावरच्या लोकांनी माझे नाव 'बदक' ठेवले. नावात थोडी थट्टा होती, पण मला ते आवडे.

माझ्यात तिघे जण असत. चालक उंच आणि अबोल होता. वाट दाखवणारा नकाशावर वाकून बसे आणि सतत पेन्सिल हरवत असे. तिसरा वायरलेसवाला. तो कानांवर हेडफोन चढवून, गुडघे पोटाशी घेऊन माझ्या पोटातल्या एका छोट्या मेजाशी बसे. तिघांत तो सर्वांत लहान आणि सर्वांत बडबड्या. आमचे काम शत्रूच्या पाणबुड्या शोधण्याचे आणि बुडालेल्या जहाजांवरची माणसे उचलून आणण्याचे होते. किती तरी माणसे मी पाण्यातून वर घेतली. थंडीने काळीनिळी पडलेली, तेलाने माखलेली. आत आल्यावर काही जण माझ्या भिंतीला नुसता हात लावून बसत. त्या काळी आमचे फार कौतुक झाले. तळावरचे मोठे साहेब आले, त्यांनी माझ्या नाकावर थाप मारली आणि म्हणाले, "हे आपलं लाडकं."

एके दिवशी वायरलेसवाल्याने आपल्या धाकट्या बहिणीला धक्क्यावर आणले. फ्रॉक घातलेली, दात पडलेली मुलगी. चालकाने डोळेझाक केली आणि तिला आत येऊ दिले. तिने दादाच्या जागेवर बसून हेडफोन कानांना लावले. ते तिच्या गालांपर्यंत उतरले.

"दादा, तुला पोहता कुठे येतं?" तिने विचारले.

"नाही येत. म्हणून तर पोहता येणारं विमान मागून घेतलं."

"आणि हे बुडलं तर?"

"बदक कधी बुडतं का, वेडे?"

ती समाधानाने घरी गेली.

मी बुडाले ते धुके दाटलेल्या एका सकाळी. परतीच्या वाटेवर माझे एक इंजिन बंद पडले. चालकाने मला खवळलेल्या पाण्यावर उतरवले, पण एका लाटेने माझे नाक फोडले. पाणी आत आले. वायरलेसवाल्याचे मेज मोडून त्याच्या पायावर पडले. तरीही तो संदेश पाठवत राहिला. तळावरून उत्तर आले, "बोट निघाली आहे." ते ऐकून त्याने बाकीच्या दोघांना सांगितले, "तुम्ही वर जा. बोट येतेय. मग मला काढा." बोट निघालेली नव्हती. ती धुके विरल्यावर, दुपारी निघाली. तोपर्यंत मी तळाला टेकले होते. चालक दोनदा बुडी मारून आला, पण मेज त्याला हलले नाही. वर गेलेले दोघे वाचले.

मित्रांनो, माझी पहिली फसवणूक ही. पुढे वायरलेसवाल्याच्या आईला कळवण्यात आले की मुलगा बेपत्ता आहे. 'बेपत्ता' या शब्दात आशा असते. त्या आशेपायी ती बाई कितीतरी वर्षे झुरली, असे मला खूप नंतर कळले. खरी हकिगत सांगायला चालक त्या घरी गेला नाही. तळावरचेही कोणी गेले नाही.

खाली मात्र शांत होते. माझ्या इंजिनांवर शिंपले वाढले, खिडक्यांतून मासे ये-जा करू लागले. अंगावर गाळाचा आणि शेवाळाचा एक थर बसला आणि त्या थराने मला झाकले. धातू झिजायचे जवळजवळ थांबले. वायरलेसवाला त्याच्या जागी होता. त्याच्यावरही मऊ गाळ साचला. आम्ही दोघे एकमेकांना सांभाळून होतो. वर युद्ध संपले, माणसे म्हातारी झाली. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मग एका मच्छीमाराचे जाळे माझ्या शेपटीत अडकले. माणूस भला होता, त्याला सगळे 'बोटवाले काका' म्हणत. जाळे ओढून त्याने मला मोडले नाही. ते कापून टाकले आणि संग्रहालयात कळवले. काही दिवसांनी त्याच्याच बोटीतून संशोधक बाई आल्या.

बाई पाण्याखालच्या जुन्या वस्तूंचा अभ्यास करत. बुडालेली जहाजे, पडलेली विमाने. त्या खाली उतरल्या तेव्हा त्यांनी मला हात लावला नाही. माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि मग समोर येऊन तशाच तरंगत राहिल्या, कोणाच्या घरी दार उघडायची वाट पाहत उभे राहावे तशा. माझा जीव त्यांच्यावर तेव्हाच जडला.

पुढचा सगळा उन्हाळा त्या येत राहिल्या. माझ्यावर नांगर पडू नये म्हणून त्यांनी थोड्या अंतरावर बोट बांधायची वेगळी सोय केली. फीत लावून माझे माप घेतले. इतके फोटो काढले की त्यांतून संगणकावर माझी हुबेहूब प्रतिमा उभी राहिली. एका छोट्या यंत्राने माझा पत्रा किती झिजतो आहे ते तपासले. मग माझ्या अंगाला जस्ताचे ठोकळे तारेने जोडले. सोबतच्या पाणबुड्याने वर गेल्यावर विचारले, "मॅडम, हे कशाला?" बोटीच्या फळ्यांतून त्यांचे बोलणे खाली झिरपत असे.

"गंज आधी या ठोकळ्यांना खाईल," बाई म्हणाल्या. "ते झिजले की नवे लावायचे. विमान आहे तिथेच राहील. याला वर काढणं म्हणजे मारणं आहे."

हे त्यांचे शब्द आहेत, मित्रांनो. मी एकही अक्षर बदललेले नाही.

माझ्या पोटात बाईंना एक बूट दिसला. बुटात हाडे होती. त्यांनी लगेच बाहेर येऊन काम थांबवले आणि जुन्या नोंदींवरून वायरलेसवाल्याच्या घरच्यांचा शोध घेतला. धाकटी बहीण सापडली. आता ती आजी झाली होती. शांत समुद्र बघून बोटवाल्या काकांनी तिला माझ्या डोक्यावर आणले. दोघांनी धरून तिला फळीवर बसवले. मग तिने वाकून पाण्यात हात घातला.

"किती खोल आहे?" तिने विचारले.

"बरंच आहे, आजी. पण खाली स्वच्छ आहे. शांत आहे," बाई म्हणाल्या.

"त्याला पाण्याची भीती वाटायची. नदीवर गेलो तरी काठावर बसायचा, चपला सांभाळायचा आमच्या." तिने ओला हात पदराला पुसला. "आई गेली तेव्हाही दाराकडेच बघत होती. मी म्हटलं, आई, आता तो नाही यायचा. तर माझ्याशी बोलेना."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही म्हणाल तसं करू. त्यांना वर आणायचं असेल तर तसं सांगा. राहू द्यायचं असेल तर राहू देऊ."

"राहू द्या," आजी म्हणाली. "इतक्या वर्षांत सवय झाली असेल त्याला. आणि तो काही एकटा नाही, त्याचं विमान आहे. फक्त एक करा. पुढेमागे काही बदललं तर आधी मला विचारा. आम्हाला कधी कुणी काही विचारलं नाही."

"तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "मी शब्द देते."

आजीचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की जमिनीवरच्या माणसांपैकी कोणीतरी आमचे आहे.

त्यानंतर टीव्हीवाले आले. बाईंनी माझी नेमकी जागा कोणाला सांगितली नाही, पण बोटीवर उभे राहून त्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या मागे दीपगृह आणि दोन टेकड्या स्पष्ट दिसत होत्या. जाणत्याला तेवढे पुरे होते. हिवाळा सरला तसे अनोळखी पाणबुडे येऊ लागले. त्यांनी माझे होकायंत्र उपटले, चालकाचे सुकाणू कापून नेले. एकाने वायरलेसचे बटण काढण्यासाठी हातोडी चालवली आणि माझ्या अंगावरचा तो जुना थर खरवडला. थर गेला तिथे धातू पुन्हा झिजू लागला.

बाईंनी हे पाहिले आणि वर जाऊन बोटीच्या कडेला डोके टेकून बसल्या. पुढच्या खेपेला संग्रहालयाचे संचालक त्यांच्याबरोबर आले. साहेबांना बोट लागत होती. एका हाताने कठडा धरून आणि दुसऱ्याने रुमाल तोंडाशी धरून ते बोलत होते.

"चोरांवर पहारा ठेवायला माझ्याकडे माणसं नाहीत. वर काढू. नव्या इमारतीत मधोमध ठेवू. वाचेल तरी."

"खारं पाणी पार मुरलंय त्याच्यात," बाई म्हणाल्या. "वर काढलं की ताबडतोब गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवावं लागेल, मीठ निघेपर्यंत, वर्षानुवर्षं. टाकी आहे कुठे?"

"बांधतोय की. आणि तुमची प्रयोगशाळा पण त्यालाच जोडून. स्वतःची बोट मागत होतात ना तुम्ही? तीही बसते यात. हे दालन उभं राहिलं तर सगळं होईल. नाही तर आहेच, दर वर्षी नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज करा."

मी खाली वाट बघत होते. मला खात्री होती की त्या आता सांगतील, याला वर काढणे म्हणजे मारणे आहे.

"टाकी नक्की तयार होईल ना?" त्यांनी विचारले.

"नक्की."

"मग काढू," बाई म्हणाल्या.

परत जाताना बोटवाल्या काकांनी विचारले, "त्या आजींना कळवलंत का?"

"नंतर सांगू, काका. आत्ता विचारलं तर नाही म्हणतील. सगळं नीट मांडलं की मी स्वतः घेऊन येते त्यांना. आनंदच होईल बघा."

काकांनी बोटीचा दोर सोडला. इंजिन सुरू झाले आणि बोट गेली.

मला वर काढले तो दिवस सगळीकडे दाखवला गेला. तराफ्यावर क्रेन होती. माझ्या पोटाखालून पट्टे घातले होते. उद्घाटनाची तारीख ठरलेली, म्हणून घाई होती. गाळ पंपाने उपसून बादल्यांत भरला आणि चाळून हाडे वेगळी केली. क्रेनने उचलताच माझे अंग मधूनच तुटले. शेपूट आणि एक पंख पुन्हा खाली गेले. उरलेले अर्धे पाण्याबाहेर आले तेव्हा किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. इतक्या वर्षांनी ऊन अंगावर पडले आणि ते मला चटके दिल्यासारखे लागले.

संग्रहालयात टाकी नव्हती. पाया खणताना असे दिसून आले की तिथली जमीन एवढे पाणी पेलणार नाही. काम थांबले. साहेबांची दुसरीकडे बढती झाली. नव्या साहेबांनी फाईल बघितली आणि हात झटकले. मला मागच्या अंगणात, जनरेटरच्या खोलीशेजारी ठेवले आणि वर ताडपत्री टाकली. पहिल्या आठवड्यातच माझ्या अंगावर पांढरे फोड आले. फोड फुटून पीठ सांडू लागले. मी मरत होते, आणि ते सगळ्यांना दिसत होते.

आणि वायरलेसवाला कुठे होता? एका प्लास्टिकच्या खोक्यात, भांडारघराच्या मांडणीवर, रंगाच्या डब्यांशेजारी. ओळख पटवायची तर बहिणीच्या लाळेचा नमुना लागणार होता. नमुना मागायचा तर तिला सांगावे लागले असते. म्हणून कोणी मागितला नाही. खोक्यावर चिठ्ठी लावली, 'अनोळखी'. ज्या बाईंना त्याचे नाव, त्याचे गाव, त्याची पाण्याची भीतीसुद्धा ठाऊक होती, त्यांच्या हाताखाली तो अनोळखी झाला. केसाने गळा कापणे म्हणतात ते हे, मित्रांनो. माझ्याशी वाईट वागणारे चोर मला परके होते. बाई परक्या नव्हत्या.

आजीला हे सगळे शेजारणीच्या टीव्हीवर दिसले. ती नातीला घेऊन आली. पहारेकऱ्याने ताडपत्री बाजूला केली. आजी माझ्याकडे बघत उभी राहिली. हाताची घडी, पाठ ताठ. बाई धावत आल्या.

"आजी, मी तुम्हाला फोन करणारच होते."

"तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

"खाली सगळं चोरीला जात होतं. दुसरा काही मार्गच—"

"मी चोरांचं नाही विचारत. तुम्ही काय म्हणाला होतात?"

बाईंनी खाली बघितले. "की तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

"मग? माझ्याकडे फोन आहे. मी फोन उचलते. कान शाबूत आहेत माझे." आजीचा आवाज चढला नव्हता. "पहिल्या वेळी आम्हाला ज्यांनी फसवलं, त्यांना मी कधी बघितलंच नाही. कुठले कोण साहेब, कागदावरचे. त्यांचा राग येऊन येऊन किती येणार? तुम्ही तर माझा हात धरून बोटीत बसवलं होतं मला."

बाई रडू लागल्या. आजीने त्यांच्याकडे पाहिले, पण पुढे होऊन डोळे पुसले नाहीत.

"कुठे आहे तो?" तिने विचारले.

खोके आणले. रंगाचे डाग पडलेले ते झाकण बघून नात काही बोलणार होती, तेवढ्यात आजीने तिचा हात दाबला. ती माझ्या पंखाखालच्या खुर्चीवर बसली आणि खोके मांडीवर घेतले. "घ्या काय नमुना घ्यायचाय तो," ती म्हणाली आणि तोंड उघडले. बाईंनी कापसाचा बोळा तिच्या गालाच्या आतून फिरवला.

ओळख पटली. आजीने भावाला गावी नेले आणि आईशेजारी मातीत ठेवले. अंत्यविधीला बोटवाले काका होते. बाईंना बोलावणे नव्हते. त्या रस्त्यापलीकडे गाडीत बसून होत्या, असे काकांनी पहारेकऱ्याला सांगितले. निघताना आजी त्या गाडीजवळूनच गेली, पण थांबली नाही. मला मात्र जाताना कोणी काही बोलले नाही. इतक्या वर्षांचा माझा सोबती खोक्यातून निघून गेला आणि मी जनरेटरशेजारी राहिले.

मला बुडवायला पुरेल अशी टाकी अखेर आणली, पण फार उशिरा. एक पंख तेवढा तिच्यात गेला. बाकीचे मी इतके ठिसूळ झाले आहे की उचलायला गेले तर हातात येते. खाली राहिलेली शेपूट मात्र धड आहे. काका अधूनमधून तिथून जातात. आता तिथे गस्तीची बोट फिरते म्हणे. म्हणजे पहारा ठेवता येत होता.

परवा बाई अंगणात आल्या. माझ्या सावलीत उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. लांब कुठेतरी एक बुडालेली पाणबुडी सापडली होती आणि पलीकडचा माणूस ती वर काढायची घाई करत असावा.

"नाही," बाई म्हणाल्या. "फोटो काढा, मोजमाप घ्या आणि वर या. काहीही आणू नका. आधी आतल्या माणसांच्या घरचे शोधा. ते काय म्हणतात ते मला सांगा, मग बघू. नाही, टाकी आधी. मला टाकी दाखवा, पाण्याने भरलेली दाखवा. तारीख गेली तर जाऊ दे."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगाला हात लावायला त्या पुढे झाल्या आणि पत्रा गळेल म्हणून मागे सरल्या. त्या बोलल्या ते अगदी बरोबर होते. त्या पाणबुडीचे भले होईल, आणि तिच्यात झोपलेल्यांचेही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात एवढेच आले की बाई शिकल्या, आणि माझ्यावर शिकल्या.

मित्रांनो, समुद्राच्या तळाशी माझ्यासारखी पुष्कळ जहाजे आणि विमाने आहेत. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी तिथपर्यंत पोहोचेल. आम्हाला बघा, आमचे फोटो काढा, आमचा अभ्यास करा. आमच्या अंगावरचा एक स्क्रूसुद्धा आठवण म्हणून खिशात घालू नका. आणि आमच्यात कोणी झोपलेले असेल, तर त्याची वाट बघणारे कोणी जमिनीवर असेल, हे विसरू नका. त्याच्या दारी जा. खाली बसा, विचारा. ते 'नाही' म्हणाले, तर ते 'नाही' नीट ऐका आणि परत या.